पिशवीतली बाटली आणि विमानाचा प्रवास

उन्हाळ्याची सुटी जवळ आली किंवा दिवाळी उरकली की आमच्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी सुरू होते. ही गर्दी ताप-खोकल्याची नसते, परदेशी निघालेल्यांची असते. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव या आपल्या पट्ट्यात आता कुणाचा मुलगा अमेरिकेत असतो, कुणाची मुलगी जर्मनीत. कारखान्यांतील अभियंते कंपनीच्या कामाला जातात, आईवडील नातवंडे पाहायला जातात, कित्येक तरुण नोकरीसाठी आखाती देशांत जातात. जाण्यापूर्वी रक्तदाब पाहून घेणे, तीन महिन्यांची औषधे लिहून घेणे, साखर तपासणे हे सारे होते. मग काही पुरुष मंडळी खुर्ची जरा पुढे ओढतात, सौ. बाहेर औषधे घेत आहेत याची खात्री करून घेतात आणि हळू आवाजात विचारतात, "डॉक्टर, विमानात आपली स्वतःची चालते का हो?"

'आपली' म्हणजे काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. कुणाला विमानतळावरच्या दुकानातली स्कॉच उघडायची असते, कुणाला जावयासाठी घेतलेली नाशिकची वाइन वाटेतच चाखून पाहायची असते, तर कुणी नेहमीची क्वार्टर पाण्याच्या बाटलीत ओतून नेण्याच्या विचारात असतो. प्रश्न वरवर कायद्याचा वाटतो, पण त्याचे खरे उत्तर वैद्यकशास्त्रात आहे. म्हणून आजचा लेख या विषयावर.

नेणे वेगळे, पिणे वेगळे

आधी कायद्याचे पाहू. येथे दोन गोष्टींची गल्लत होते. बाटली सोबत नेणे ही एक गोष्ट आणि ती विमानात उघडून पिणे ही दुसरी.

नेण्याला काही अटींवर परवानगी आहे. ज्या मद्यात अल्कोहोलचे प्रमाण २४ ते ७० टक्के आहे, म्हणजे व्हिस्की, रम, ब्रँडी वगैरे, ते कंपनीच्या मूळ सीलबंद बाटलीत माणशी एकूण ५ लिटरपर्यंत नेता येते. ७० टक्क्यांच्या वरचे मद्य अजिबात नेता येत नाही, कारण ते पेट घेणारे द्रव्य आहे. वाइन आणि बिअर २४ टक्क्यांच्या खाली येतात, त्यामुळे त्यांना ही ५ लिटरची मर्यादा नाही. बाटल्या मोठ्या सामानात, कपड्यांत नीट गुंडाळून ठेवाव्यात. आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक विमानतळांवर हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला कोणताही द्रवपदार्थ चालत नाही. २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून हा नियम आहे. विमानतळावरील करमुक्त दुकानातून घेतलेली बाटली मात्र सीलबंद पारदर्शक पिशवीत मिळते. ती पिशवी मुक्कामाला पोचेपर्यंत फोडायची नसते.

याखेरीज जिथे उतरायचे तिथला कायदा पाहावा. आपल्या महाराष्ट्रातही मद्य बाळगायला परवाना लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गुजरात आणि बिहार ही दारूबंदीची राज्ये आहेत. कुवेत आणि सौदी अरेबियात तर प्रवाशाने मद्य आणण्यासच बंदी आहे. तिथे बाटली सापडली तर नोकरी सुरू होण्याआधीच संपायची.

आता पिण्याचे. देशांतर्गत विमानात उत्तर एका शब्दाचे आहे. नाही. १९३७ सालच्या विमान नियमांतील २४ व्या नियमानुसार देशांतर्गत प्रवासात विमान कंपनीने मद्य द्यायचे नाही आणि प्रवाशानेही विमानात मद्य प्यायचे नाही. पुण्याहून दिल्लीला जाताना स्वतःची काय, कुणाचीच चालत नाही.

परदेशी जाणाऱ्या बहुतेक विमानांत मद्य मिळते, पण ते कर्मचाऱ्यांनी दिले तेवढेच. स्वतःजवळची बाटली उघडण्यास मनाई असते. अमेरिकेत तर हा सरकारी नियमच आहे, की विमान कंपनीने स्वतः दिलेल्या मद्याखेरीज दुसरे मद्य प्रवाशाने विमानात पिऊ नये. एअर इंडियाच्या न्यूयॉर्क-दिल्ली विमानात नोव्हेंबर २०२२ मध्ये मद्यधुंद प्रवाशाकडून जो किळसवाणा प्रकार घडल्याचे प्रकरण गाजले, त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये त्या कंपनीने मद्याबाबतचे आपले धोरण नव्याने जाहीर केले. त्यातही कुणी स्वतःचे मद्य पीत आहे का यावर कर्मचाऱ्यांनी लक्ष ठेवावे, असे स्पष्ट म्हटले होते.

आनंदाचे पर्यवसान पोलीस ठाण्यात

मार्च २०२३ मध्ये दुबईहून मुंबईला येणाऱ्या विमानात दोन प्रवाशांनी गोंधळ घातला. बातम्यांत आले ते असे, की दोघे आखातात वर्षभर काम करून घरी परतत होते. त्या आनंदात त्यांनी करमुक्त दुकानातून घेतलेली दारू विमानातच प्यायला सुरुवात केली. शेजारच्यांनी हरकत घेतली, तेव्हा शिवीगाळ झाली. कर्मचाऱ्यांनी बाटल्या काढून घेतल्या, तर त्यांनाही शिव्या मिळाल्या. मुंबईत विमान उतरल्यावर पोलिसांनी दोघांना अटक केली. पुढे त्यांना जामीन मिळाला.

ही बातमी वाचून मला रागापेक्षा हळहळ अधिक वाटली. वर्षभर परक्या मुलखात घाम गाळलेली माणसे. घरी कुणीतरी वाट पाहत असणार, काहीतरी गोडधोड केलेले असणार. दुबई ते मुंबई प्रवास तो किती? तीन-सव्वातीन तासांचा. तेवढा वेळ बाटलीचे बूच लागलेले राहिले असते, तर ती रात्र घरी गेली असती.

अशा वागणुकीसाठी सप्टेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तीन पायऱ्यांचे नियम केले. शिवीगाळ आणि दारू पिऊन गोंधळ यांसाठी ३ महिन्यांपर्यंत, अंगाला हात लावण्यासाठी ६ महिन्यांपर्यंत, आणि जिवाला धोका होईल अशा वर्तनासाठी २ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ विमानप्रवासाला बंदी घालता येते. फौजदारी गुन्हा वेगळा.

पण वाचकहो, शिक्षेच्या भीतीने हा नियम पाळा, एवढेच सांगून मी थांबणार नाही. बाटली स्वतःची नको, हा नियम का आहे, ते शरीराच्या बाजूने समजून घेतले तर तो पाळायला जड जाणार नाही.

विमानातली हवा कुठली?

मुंबईहून येताना खोपोली सोडून गाडी बोरघाट चढू लागली की आपल्या कानांना दडे बसतात, आवंढा गिळला की ते सुटतात. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंच आहे. एवढ्याशा चढावरही हवेचा दाब कमी झाल्याचे कान सांगतात.

विमान उडते ३५,००० फुटांच्या आसपास. तिथल्या हवेत माणूस जगूच शकणार नाही. म्हणून विमानाच्या आत हवा दाबून भरलेली असते. पण ती मुंबईसारखी दाट नसते. आतला दाब ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका ठेवतात. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट आहे. म्हणजे विमानात बसलेला माणूस शरीराच्या हिशेबाने कळसूबाईच्याही वर, सिमल्याच्या आसपास बसलेला असतो. एका श्वासात त्याला जितका प्राणवायू मिळतो, तो समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे पाऊणपट असतो.

निरोगी माणसाला याचा त्रास जाणवत नाही. बोटाला लावायचे प्राणवायू मोजण्याचे यंत्र कोरोनाच्या काळात घरोघरी पोचले, त्यामुळे त्यातले आकडे आता सर्वांच्या परिचयाचे आहेत. जमिनीवर जे ९७-९८ दाखवते, ते विमानात ९०-९३ पर्यंत खाली येऊ शकते. ज्यांना दमा, फुप्फुसाचा जुना आजार, हृदयविकार किंवा पंडुरोग आहे, त्यांची शिल्लक आधीच कमी असते. शिवाय आतली हवा फार कोरडी असते. आर्द्रता १० ते २० टक्के. घशाला, डोळ्यांना, नाकाला कोरड पडते ती यामुळे.

आता या स्थितीत पोटात मद्य गेले तर काय होते?

८५ हा आकडा

पुष्कळ जण सांगतात, "दोन पेग घेतले की छान झोप लागते, उतरेपर्यंत जाग येत नाही." याची परीक्षा जर्मनीतील शास्त्रज्ञांनी घेतली. तो अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. १८ ते ४० वयाचे ४८ निरोगी लोक निवडले. काहींना साध्या खोलीत झोपवले, काहींना ८,००० फुटांइतका दाब ठेवलेल्या खोलीत. एका रात्री मद्य न देता, एका रात्री मद्य देऊन. मद्य फार नव्हते, दोन कॅन बिअर किंवा दोन पेले वाइन यांच्याएवढे. झोप चार तासांची.

साध्या खोलीत मद्याशिवाय झोपलेल्यांचा प्राणवायू ९६ च्या आसपास आणि नाडीचे ठोके ६४ होते. विमानासारख्या दाबात मद्याशिवाय प्राणवायू ८८ आणि ठोके ७३. आणि त्याच दाबात मद्य घेऊन झोपलेल्यांचा प्राणवायू ८५ वर आला, ठोके ८८ वर गेले. गाढ झोपही कमी झाली.

हे सगळे तरुण आणि धडधाकट होते, हे विसरू नका. म्हणजे ज्याला आपण 'छान झोप' म्हणतो, त्या झोपेत हृदय कमी प्राणवायूवर जास्त वेगाने पळत असते. साठी ओलांडलेल्या, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या, घोरणाऱ्या गृहस्थाचे काय होत असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मद्याने लघवी जास्त होते आणि शरीरातले पाणी कमी होते. कोरड्या हवेत ते आणखी जाणवते. रक्तवाहिन्या सैलावतात. मग तीन तास अवघडून बसलेला माणूस स्वच्छतागृहाकडे जाण्यासाठी झटक्यात उठतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. विमानातील वैद्यकीय प्रसंगांचा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. २००८ ते २०१० या काळातले ११,९२० प्रसंग त्यात तपासले होते. त्यांत चक्कर येऊन पडणे किंवा पडल्यासारखे होणे हे सर्वांत वरचे कारण निघाले, ३७ टक्के.

तसेच चार तासांहून अधिक वेळ एका जागी बसल्याने पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालात हा धोका जवळपास दुप्पट होतो असे म्हटले आहे. प्रत्यक्षात गुठळी होणारे लोक थोडे, सुमारे ६,००० प्रवाशांत एक. पण जो मद्य घेऊन वाकड्यातिकड्या अवस्थेत सहा तास गाढ पडून राहतो, तो पाय हलवत नाही, उठत नाही, पाणी पीत नाही. धोका वाढवणारे सगळे तो एकाच वेळी करतो.

हिशेब कुणी ठेवायचा?

येथे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर येते. कर्मचाऱ्यांनी दिलेले मद्य आणि पिशवीतले मद्य यांत रासायनिक फरक काहीच नाही. फरक आहे तो हिशेबाचा.

३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. आपले यकृत एका तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम जाळू शकते. म्हणजे तासाला जेमतेम एक पेग. वर कितीही कॉफी प्या, लिंबू चोखा, यकृताचा वेग वाढत नाही. १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सहा पेग, ६० ग्रॅम. ती पूर्ण उतरायला सहा ते साडेआठ तास हवेत. ७५० मिलिलिटर वाइनची बाटली 'नुसता द्राक्षाचा रस' म्हणून संपवणाऱ्याने साडेसात पेग घेतलेले असतात.

कर्मचारी मोजून देतात, आणि एखाद्याची जीभ जड झालेली दिसली की हसतमुखाने देणे थांबवतात. स्वतःच्या बाटलीला असा राखणदार नसतो. पाण्याच्या बाटलीत मिसळून आणलेली असेल, तर किती घेतली ते पिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता एक प्रसंग कल्पनेने पाहा. मधुमेहाचा एक रुग्ण ग्लिमेपिराइडची गोळी घेतो किंवा इन्सुलिन टोचतो. विमानातले जेवण आवडले नाही म्हणून त्याने ते बाजूला सारले, आणि चोरून आणलेली क्वार्टर मात्र घेतली. मद्यामुळे यकृताचे साखर तयार करण्याचे काम मंदावते. गोळीचा परिणाम चालूच असतो. साखर खाली खाली जाते. माणूस घामाघूम होतो, बरळतो, तोल जातो, मग निपचित पडतो. शेजाऱ्याला तोंडाचा वास येतो. तो म्हणतो, "जास्त झालेली दिसते, झोपू द्या." आणि वेळीच साखर मिळाली असती तर सावरला असता असा माणूस तसाच पडून राहतो. विमानात योगायोगाने डॉक्टर असला तरी रुग्णाने काय घेतले, किती घेतले, केव्हा घेतले हे त्याला कोण सांगणार? लपवून प्यायलेल्या दारूची नोंद कुठेच नसते.

गोळ्यांशी मद्याची सोयरीक अनेक ठिकाणी घातक आहे. झोपेची गोळी, विशेषतः अल्प्राझोलामसारखी, मद्याबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. गाडी लागू नये म्हणून किंवा सर्दीसाठी घेतलेल्या ॲव्होमिन, ॲव्हिलसारख्या गोळ्यांची गुंगी दुप्पट होते. रक्तदाबाच्या आणि छातीत दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी उभे राहताच रक्तदाब घसरतो, तो आणखी घसरतो.

शेवटचा मुद्दा इतरांच्या जिवाचा. संकटात अर्धेच दरवाजे उघडले तरी सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतील, अशी चाचणी प्रवासी विमानांना द्यावी लागते. या ९० सेकंदांत वाटेवरच्या खुर्चीत कुणी झिंगून पडलेला असेल, तर त्याच्या मागच्या माणसांनी काय करायचे?

भीती वाटते म्हणून

काही जण प्रामाणिकपणे सांगतात, "डॉक्टर, शौक म्हणून नाही हो, उडताना छातीत धडधडते, म्हणून." ही भीती खरी आहे, तिला हसू नये. पण मद्य हा तिच्यावरचा उपाय नाही. मद्य उतरू लागले की धडधड अधिक वाढते, आणि विमान अजून समुद्रावरच असते. त्यापेक्षा पंखाजवळची जागा मागून घ्यावी, तिथे हिसके कमी जाणवतात. चहा-कॉफी बेताने घ्यावी. श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडण्याचा सराव पंधरा दिवस आधीपासून करावा. लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम आहे, त्या गावच्या माणसाला श्वास सावकाश घ्या हे सांगायला परगावचा डॉक्टर कशाला हवा? भीती फारच असेल तर आपल्या डॉक्टरांशी बोला, उपचार आहेत.

खरा प्रश्न

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्याकडे येतो. 'विमानात स्वतःची चालते का?' असे विचारणाऱ्यांत बहुतेक जण हौशी असतात. नाही म्हटले की "बरं, राहिलं" म्हणून उठतात. पण थोडे जण असे असतात, की नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरतो. माझे लक्ष त्यांच्याकडे असते.

पवन मावळातील एक गृहस्थ असे आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलतो. वय साठीच्या पुढे, नोकरीतून निवृत्त. अमेरिकेत मुलीचे बाळंतपण होते, दोघे नवराबायको प्रथमच निघाले होते. विमानात स्वतःची चालत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग सोळा तास काढायचे कसे?" तेवढ्यात त्यांच्या पत्नी आत आल्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, यांना रात्री मिळाली नाही तर सकाळी चहाचा कप धरवत नाही. बशी वाजते नुसती."

त्या बशीच्या आवाजात सारे निदान होते. रोज ठरलेले मद्य अनेक वर्षे घेणाऱ्याचे शरीर मद्य गृहीत धरून चालू लागते. ते अचानक थांबले की सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, मन सैरभैर होते. पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, आणि उपचार नसेल तर जिवावर बेतते. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर थेट विमानाने जायला पंधरा-सोळा तास लागतात. त्यात आपल्या गावाहून विमानतळ, तिथे तीन तास आधी पोचणे, उतरल्यावरच्या रांगा, पुढे मुलीचे घर, हे मिळवा. चोवीस तास सहज होतात. फिट यायची नेमकी हीच वेळ. आणि नऊ महिन्यांची मुलगी विमानतळावर उभी!

म्हणून अशा माणसाने दोन गोष्टी करू नयेत. एक, चोरून बाटली नेऊ नये. ती सुरक्षा तपासणीत गेली तर काय? दुसरी आणि तितकीच महत्त्वाची, प्रवासाच्या आदल्या दिवशी देवापुढे शपथ घेऊन एकदम सोडू नये. सोडण्याचा निश्चय चांगला आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि वेळ हाताशी ठेवून पाळावा.

हे गृहस्थ सहा आठवडे आधी आले, हे त्यांचे भाग्य. यकृताच्या तपासण्या झाल्या, बी-१ जीवनसत्त्व सुरू केले, पुण्यातील मानसोपचारतज्ज्ञांनी ठरावीक दिवसांची औषधे देऊन मद्य बंद केले. ते दिवस पत्नीने आणि थोरल्या मुलाने पाळीने जागून काढले. चौथ्या आठवड्यात ते माझ्यासमोर चहा प्यायले. बशी वाजली नाही. विमानात दिलेली वाइनही त्यांनी परत केली, असे त्यांच्या पत्नीने फोनवर सांगितले. परत आल्यावर एका लग्नाच्या वरातीत ते घसरले, हेही सांगायला हवे. पुन्हा आले, पुन्हा उपचार सुरू झाले. हा आजारच तसा आहे, मधुमेहासारखा, सांभाळत राहावा लागणारा.

आपण यात मोडतो का, हे ज्याचे त्याला ओळखता यावे म्हणून चार साधे प्रश्न आहेत. डॉ. जॉन इविंग यांनी ते १९८४ साली प्रसिद्ध केले आणि आजही जगभरचे डॉक्टर ते विचारतात. पिणे कमी करायला हवे असे कधी वाटले का? कुणी पिण्यावरून बोलले तर राग येतो का? पिण्याबद्दल मनाला टोचणी लागते का? सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला किंवा हुशारी यायला प्यावी लागते का? दोन प्रश्नांना 'हो' आले, तर डॉक्टरांकडे जावे. चौथ्या एकट्याला 'हो' आले, तरी जावे.

पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करीत आहे. घरबसल्या बोलायचे असेल तर शासनाची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. विचारण्यात कमीपणा नाही.

प्रवाशांनी लक्षात ठेवावे

१. भेटीची बाटली मोठ्या सामानात, सीलबंद ठेवावी. करमुक्त दुकानाची पिशवी मुक्कामापर्यंत फोडू नये. परत येताना भारतात माणशी २ लिटर मद्य शुल्काविना आणता येते.

२. दमा, हृदयविकार, पंडुरोग, झोपेत श्वास अडकणे, फिट येणे यांपैकी काही असेल, किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर विमानात मिळणारे मद्यही घेऊ नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही नको म्हणावे.

३. इतरांना घ्यायचेच असेल, तर पोटभर जेवून, एखाद्याच पेल्यावर थांबावे. सोबत तितकेच पाणी प्यावे. झोपण्यापूर्वी घेऊ नये.

४. दर तासा-दोन तासांनी पाय हलवावेत, जमेल तेव्हा एक फेरी मारावी. उठताना आधी नीट बसावे, मग उभे राहावे.

५. औषधे हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह ठेवावीत. मधुमेह्यांनी खडीसाखर किंवा आपली लोणावळ्याची चिक्की जवळ ठेवावी.

६. शेजारचा प्रवासी बरळत असेल, तर 'प्यायला आहे' असे गृहीत धरून सोडून देऊ नये. कर्मचाऱ्यांना सांगावे. तो आजारी असू शकतो.

मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. तरीही समारंभात एखादा पेला घेणाऱ्याशी मी वाद घालत नाही. तिकीट काढताना ज्याला पहिली काळजी बाटलीची वाटते, त्याला मात्र एवढेच सांगतो, की तिकीट हाती आले त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. निदान महिनाभर वेळ हाताशी ठेवा. सौभाग्यवतींना बाहेर बसवू नका, बरोबर आत घेऊन या. पुष्कळदा खरे उत्तर त्याच देतात.